परमुलखातले घर आणि घरातला हिस्सा

परदेशात घर घ्यावे की नाही, हा प्रश्न तीसेक वर्षांपूर्वी आपल्यापैकी फारसा कोणाला पडत नव्हता. आखातात जाणारा माणूस कमवायला तिकडे जायचा आणि बांधायला गावी यायचा. रत्नागिरी-रायगडातल्या मुस्लिम मोहल्ल्यांमधली दुमजली घरे अशाच पैशातून उभी राहिली. मराठवाड्यातून माणसे उशिरा गेली, थोडी गेली. पण रीत तीच होती. पहिल्या सुट्टीत बहिणीचे लग्न, दुसऱ्या सुट्टीत घरावर स्लॅब, तिसऱ्या सुट्टीत जमलाच तर एखादा प्लॉट. तिकडचे घर म्हणजे खोलीतली एक खाट आणि खाटेखालची पेटी. ते आपले नाही, हे त्यालाही ठाऊक असायचे आणि त्याच्या मालकालाही.

२००२ साली दुबईच्या राज्यकर्त्यांनी ठरावीक भागांत परक्या देशाच्या नागरिकांनाही कायमच्या मालकीने घर विकत घेण्याची मुभा दिली. २००६च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने त्या मालकीची रीतसर नोंदणी सुरू झाली. इकडे भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४मध्ये देशात राहणाऱ्या माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी पाठवण्याची परवानगी दिली. ती मर्यादा वाढत जाऊन २०१५पासून अडीच लाख डॉलर झाली. म्हणजे दोन्ही बाजूंची दारे उघडली. श्रीमंत आधी गेले, हे ओघाने आलेच. पण हप्त्यांच्या योजना निघाल्या आणि तोच प्रश्न आता वीजतंत्री, चालक, हिशेबनीस यांच्या घरांतही शिरला आहे. आमच्या घरात तो गेल्या वर्षी शिरला, म्हणून हा लेख.

आमचे घर असे. अब्बांच्या नावावर जालना तालुक्यात आठ एकर कोरडवाहू शेत. कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. अब्बा गेले तेव्हा वारस म्हणून सातबाऱ्यावर चार नावे लागली : अम्मी, मोठा भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. भाऊ चौदा वर्षे दुबईत आहे, इमारतींच्या वातानुकूलनाचे काम करतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. भाईजानचे म्हणणे असे की शेत विकावे, त्या पैशातून दुबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतल्या एका लहान घराचा पहिला हप्ता भरावा, पुढचे हप्ते तो पगारातून भरील. त्यासाठी आम्ही बहिणींनी आणि अम्मीने हक्कसोड पत्रावर सह्या कराव्यात. घर अर्थातच त्याच्या नावावर होईल.

त्याने हे घाईने किंवा लबाडीने सुचवलेले नाही. त्याची बाजू आधी पुरती मांडते. ती दुबळी करून खोडणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही.

पहिले कारण रुपयाचे. २००४ साली एक दिरहम साधारण बारा रुपयांना मिळत होता. २०२५ संपताना तोच चोवीस रुपयांच्या आसपास गेला. दिरहम १९९७पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून तो डॉलरबरोबर चालतो. भाईजान म्हणतो, मी पाठवलेल्या पैशाचे तुम्ही इकडे जे केले, त्याची किंमत तिकडच्या हिशेबात निम्मी झाली. हे गणित मी वर्गातल्या फळ्यावर मांडले तरी चुकणार नाही.

दुसरे कारण पावसाचे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे लहान मूलही बोलते. बियाण्यांचा धंदा, पोलादाचे कारखाने, जुना व्यापार यांमुळे ती शहराला शोभतेही. पण कोरडवाहू शेताच्या बांधावर उभे राहून ती म्हणून पाहावी. १९७२चा दुष्काळ अम्मीला आठवतो. २०१२-१३चा आम्हाला आठवतो. तेव्हा शहरातही पिण्याचे पाणी टँकरने विकत घ्यावे लागे. अशा जमिनीवर भरवसा ठेवणे हाही एक जुगारच नव्हे काय, असे तो विचारतो.

तिसरे कारण त्याने दीनमधून आणले. घर किंवा जमीन विकली आणि तो पैसा तशाच मालमत्तेत घातला नाही तर त्यात बरकत राहत नाही, अशा अर्थाची एक हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. भाईजान म्हणतो, मी तर जमिनीचे घरच करतो आहे, उधळत नाही.

चौथे कारण त्याने उघड सांगितले नाही. फोनवर थोडा थांबला आणि म्हणाला, “उद्या काही झाले तर जायला एक जागा तरी असावी.” हे वाक्य वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपल्या घरात ऐकले असेल. त्याकडे मी शेवटी येते.

आता अस्थिर अर्थव्यवस्था म्हणजे कुणाची? आपण नेहमी असे गृहीत धरतो की घसरते ती आपली आणि भक्कम ती परक्याची. हे जरा तपासून पाहू. दुबईत घरांच्या किमती २००८च्या मध्यापर्यंत चढत होत्या. जगभरचे आर्थिक संकट आले आणि किमती शिखरापासून निम्म्यावर आल्या. नोव्हेंबर २००९मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी समूहाने देणेकऱ्यांकडे मुदत मागितली. कितीतरी इमारती अर्धवट राहिल्या. ज्यांनी हप्ते भरले होते त्यांच्या हातात कागद होता आणि वाळूत खड्डा होता. पुढे भाव सावरले, २०१४नंतर पुन्हा उतरले, २०२१पासून पुन्हा चढले. खरेदीदाराचा पैसा बांधकामाच्या वेगळ्या खात्यात राहावा असा कायदा तिथे २००७ सालीच झाला आणि संकटानंतर त्याची अंमलबजावणी कडक झाली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे दुबई म्हणजे फसवणूक, असे मुळीच नाही. पण दुबई म्हणजे खडक, असेही नाही.

तुर्कस्तानचे उदाहरण आपल्या लोकांसाठी अधिक बोलके आहे, कारण ‘मुस्लिम देश, मशिदींचे शहर आणि वर नागरिकत्व’ अशी त्याची जाहिरात होते. २०१८ साली त्या देशाने अडीच लाख डॉलरच्या घरावर नागरिकत्व देऊ केले आणि २०२२ साली ती रक्कम चार लाख केली. २०१८च्या सुरुवातीला एका डॉलरला चार लिरासुद्धा पडत नव्हते. २०२३ संपताना एकोणतीसच्या वर पडत होते. तिथल्या शिक्षकाच्या पगाराचे काय झाले असेल, हे मला लगेच मनात येते. परका खरेदीदार ज्याला संधी म्हणतो ती तिथल्या भाडेकरूची अडचण असते. आपण त्या घरात शिरताना कोण बाहेर पडले, हा प्रश्न मुस्लिम देशातही विचारायचा असतो.

कुवेतची गोष्ट तर आपल्या अंगणातलीच. २ ऑगस्ट १९९०ला इराकचे सैन्य आत आले. थोड्याच दिवसांत कुवेती दिनार रद्द करून इराकी दिनार चालू केला गेला. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांत महाराष्ट्रातले, कोकणातले कितीतरी होते. ज्यांची बचत गावी होती ते उपाशी राहिले नाहीत. ज्यांची तिकडच्या बँकेत होती त्यांना नुकसानभरपाईचे अर्ज भरत बसावे लागले.

आणखी मागे जाऊ. कोकणी मुसलमानांची एक वस्ती दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. दुकाने, घरे, मशिदी सारे काही त्यांनी उभे केले. १९५०च्या वंशनिहाय वस्त्यांच्या कायद्याने कोणी कुठे राहायचे हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. १९६६ साली ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसे तिथून हलवली गेली. कागद खरे होते, मालकी खरी होती. राज्याने आपला शब्द फिरवला, इतकेच.

आम्हा जालनेकरांना हे समजायला समुद्र ओलांडायचीही गरज नाही. १९४८पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याचे चलन वेगळे होते, हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, हा हिशेब जुनी माणसे तोंडी करीत. १९५९पर्यंत ते चलन पूर्ण मोडीत निघाले. ज्याने बदलून घेतले त्याचे पैसे झाले, ज्याने मडक्यात पुरले त्याच्याकडे चांदी-तांबे राहिले. आणि परदेशात पैसा ठेवण्याचा सर्वांत मोठा धडाही याच राज्याचा आहे. सप्टेंबर १९४८मध्ये, पोलिस कारवाईच्या दिवसांत, निजाम सरकारचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. हे पैसे कोणाचे, याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने दिला. तोवर त्या रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते आणि एक्काहत्तर वर्षे उलटली होती. पैसा सुरक्षित राहिला, वाढलासुद्धा. पण ज्यांच्यासाठी तो ठेवला ती पिढी मातीत गेली. सुरक्षित असणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही.

या सगळ्यांतून एक गोष्ट दिसते. मालमत्ता ही विटा-मातीची वस्तू वाटते खरी, पण ती मुळात एक वचन असते. ‘हे याचे आहे आणि ते आम्ही राखू’ असे राज्य सांगते. आपल्या देशात ते वचन मोडले तर आपण मत देऊ शकतो, मोर्चा काढू शकतो, कोर्टात जाऊ शकतो, निदान तहसीलसमोर बसू तरी शकतो. समृद्धी महामार्गासाठी आमच्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतल्या जमिनी गेल्या, तेव्हा लोक भांडले, मोबदल्यासाठी अडून बसले. त्यांना भांडता आले कारण ते इथले होते. परमुलखात आपण मालक असलो तरी पाहुणे असतो. पाहुण्याला यजमानाच्या घरात चांगली वागणूक मिळू शकते, पण घराचे नियम ठरवण्यात त्याला आवाज नसतो.

मग परदेशात काही घेऊच नये काय? असा फतवा काढण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. जो माणूस चौदा वर्षे ज्या शहरात घाम गाळतो, दरवर्षी भाडे भरतो, त्याने स्वतःच्या कमाईतून तिथे डोक्यावर छप्पर घेतले तर त्यात गैर काय? काही जण म्हणतात, देशाचा पैसा बाहेर नेणे हा द्रोह आहे. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया कोसळत होता, तेव्हा रिझर्व्ह बँकेने बाहेर पाठवायची मर्यादा ७५ हजार डॉलरवर आणली आणि त्या पैशातून परदेशी स्थावर घेण्यास काही काळ मनाई केली. संकटात सगळ्यांनीच दाराकडे धाव घेतली तर चेंगराचेंगरी होते, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण मनाई उठल्यावर नियमाप्रमाणे पाठवलेल्या पैशाला द्रोह म्हणणे चूक आहे. परदेशातून माणसांनी घरी पाठवलेल्या पैशाचा आकडा २०२२ साली शंभर अब्ज डॉलर ओलांडून गेला. इतका पैसा त्याआधी कोणत्याही देशात आला नव्हता. ज्यांनी हे आणले त्यांना निष्ठा शिकवू नये. मात्र वाट सरळ असावी. हुंडीने पैसा पाठवणे, विवरणपत्रात मालमत्ता दडवणे हे गुन्हे आहेत. परदेशातले घर विवरणपत्रात दाखवले नाही तर २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याने देशात राहणाऱ्याला दहा लाखांचा दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाखांच्या पुढे अशा खरेदीसाठी पाठवलेल्या रकमेवर वीस टक्के कर आधीच कापून घेतला जातो, जो पुढे आयकरात वळता होतो. एजंट या गोष्टी सांगत नाहीत, म्हणून इथे लिहिल्या.

शरीअतच्या बाजूने पाहिले तर आपल्या फुकहांनी या व्यवहाराला दोन उपयोगी प्रश्न देऊन ठेवले आहेत. पहिला ‘गरर’चा, म्हणजे अनिश्चिततेचा. जे अजून नाही ते विकता येते का? आकाशातला पक्षी, पाण्यातला मासा विकू नये, हे आपण लहानपणी मदरशात ऐकलेले असते. बांधून देण्याच्या करारासाठी ‘इस्तिस्ना’ नावाची सवलत आहे. पण वस्तूचे वर्णन, किंमत सारे स्पष्ट ठरलेले हवे. चकचकीत पुस्तिकेतल्या तळ्याच्या चित्राला वर्णन म्हणत नाहीत. दुसरा प्रश्न जकातचा, आणि तो मला फार आवडतो. राहायच्या घरावर जकात नाही. भाड्याने दिले तर भाड्यातून जे साठते त्यावर आहे. पण विकून नफा मिळवण्याच्या इराद्याने घेतले तर दरवर्षी बाजारभावावर अडीच टक्के. म्हणजे वर्ष संपले की घेणाऱ्याला स्वतःशी खरे बोलावेच लागते : हे मी राहायला घेतले, की भाव चढेल म्हणून? शेजाऱ्याला आपण ‘मुलांसाठी’ असे सांगू शकतो. जकातीच्या हिशेबाला ते सांगता येत नाही.

तरीही मला वाटते की ‘कुठे घ्यावे’ आणि ‘कसे घ्यावे’ यांच्याआधी एक प्रश्न येतो आणि तोच आपल्या घरांत कोणी विचारत नाही. घ्यावे ते कोणाच्या पैशाने?

आमच्या आठ एकरांचे बत्तीस भाग करा. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे चार भाग : एक एकर. उरलेल्या अठ्ठावीस भागांत मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात भावाला चौदा, आम्हा बहिणींना सात-सात. भावाला साडेतीन एकर, आम्हाला प्रत्येकी एक एकर तीस गुंठे. म्हणजे भाईजान ज्या शेताला ‘माझे शेत’ म्हणतो त्यातले निम्म्याहून अधिक त्याचे नाही. कुरआनने हे हिस्से अपूर्णांकांत ठरवून दिले आहेत, ‘प्रेमाने काय द्याल ते द्या’ असे म्हटलेले नाही. तरी आमच्याकडे तलाठ्याकडे वारस लागले की वर्षभरात हक्कसोड पत्र तयार होते. बहीण सही करते. का करते? माहेर तुटू नये म्हणून. ईदला भाऊ येत राहावा म्हणून. साडीचोळी-भाच्यांचे लाड होत राहावेत म्हणून. १९३७च्या शरीअत कायद्याच्या दुसऱ्या कलमाने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली. तेव्हाच्या जमीनदारांना ते सोयीचे होते. आपल्या घरांतल्या पुरुषांना तर त्या कलमाचीही गरज पडली नाही, रिवाजानेच काम भागले. शरीअतमध्ये कोणी हात घालू नये म्हणून आपण सभा भरवतो, आणि तीच शरीअत बहिणीच्या एक एकर तीस गुंठ्यांपाशी आली की खाली बसतो.

शेत इथेच राहिले तर या अन्यायालाही एक तळ असतो. बहिणीने आज हक्क मागितला नाही तरी शेत डोळ्यांसमोर असते. तिला बांधावर जाता येते, हुरडा खाता येतो, पोत्यातले धान्य घरी येते. पतीशी बिनसले तर माहेरी परतून ‘माझाही हिस्सा आहे’ असे म्हणता येते. ते शेत विकून दुबईतल्या अकराव्या मजल्यावरचे घर झाले की हा तळही जातो. उद्या भावाला काही झाले, अल्लाह त्याला उदंड आयुष्य देवो, तर त्या घरासाठी तिथल्या न्यायालयात वारसाचे कागद द्यावे लागतील. त्यावर इकडच्या परराष्ट्र खात्याचा आणि तिकडच्या दूतावासाचा शिक्का, अरबी तर्जुमा, वकील. ज्या अम्मीला जालन्याच्या बँकेत अंगठ्याऐवजी सही करायला आम्ही वर्षभर शिकवले, तिने हे करायचे? म्हणून माझी पहिली कसोटी अशी आहे : घरातल्या सर्वांत दुबळ्या वारसाला जिथपर्यंत पोहोचता येते, तिथपर्यंतच घराची सामायिक मालमत्ता न्यावी. ज्याची कमाई एकट्याची आहे त्याने ती जगात कुठेही न्यावी.

दुसरी कसोटी शेजाऱ्याची. आपल्या फिकहमध्ये ‘शुफा’ नावाचा हक्क आहे. जमीन विकायची तर पहिला हक्क भागीदाराचा, आणि हनफी मतानुसार त्यानंतर लगतच्या शेजाऱ्याचाही. व्यवहारात आज हा हक्क कोणी फारसा वापरत नाही. पण त्यामागचा विचार मोठा आहे : जमीन विकणारा एकटा नसतो, त्याच्या विकण्याने इतरांचे जगणे बदलते. आमच्या शेताच्या एका बाजूला मराठा कुटुंब आहे, दुसऱ्या बाजूला दलित कुटुंब. अब्बांच्या काळापासून विहिरीचे पाणी पाळीने चालते. ते शेत एखाद्या प्लॉटवाल्याने घेतले तर पाळी संपेल, पाऊलवाटेवर कुंपण येईल. भाईजानला दुबईत याची किंमत कोणी विचारणार नाही. आम्हाला इथे रोज विचारतील.

आता त्या चौथ्या कारणाकडे येते. ‘उद्या काही झाले तर.’ ही भीती खोटी आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९२नंतर ती होती. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावरून देश ढवळला, तेव्हा माझ्या शाळेतल्या पालकांनी मुलांचे जन्मदाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. त्यांच्यावर कोणी हसू नये. पण भीतीला उत्तर देताना ते उत्तर खरोखर तिला लागू पडते की नाही, हे तरी पाहावे. दुबईतले घर नागरिकत्व देत नाही. दहा वर्षांचा निवासी परवाना हवा तर वीस लाख दिरहमचे घर लागते, म्हणजे २०२५ संपतानाच्या दराने पावणेपाच कोटी रुपयांहून अधिक. आमचे आठ एकर विकून, भाईजानचा जन्माचा पगार मिळवूनही ते जमणार नाही. जे लहान घर जमेल ते त्याला त्या भीतीतून सोडवणार नाही. आणि आम्ही इथे राहणाऱ्या तिघींना तर नाहीच. म्हणजे भीती चौघांची आणि तिच्यावरचे औषध एकट्याच्या नावावर, तेही अपुरे.

शिवाय भीतीने केलेली खरेदी एक गोष्ट नकळत मान्य करते की आपण इथे तात्पुरते आहोत. मला ते मान्य नाही. मी ज्या मुलांना उर्दूत भूगोल शिकवते त्यांना पूर्णा, दुधना, गोदावरी या नद्या आधी शिकवते आणि नाईल नंतर. हे पुस्तकात तसे आहे म्हणून मी करते खरे, पण मला ते पटलेलेही आहे. या मातीतला एक तुकडा नावावर असणे म्हणजे सातबाऱ्यावरची एक ओळ असते. ज्या समाजाला वेळोवेळी ‘तुम्ही कुठले’ असे विचारले जाते, त्या समाजातल्या बाईसाठी तर ती ओळ फार मोलाची असते. तिथे बापाचे नाव असते, तिचे स्वतःचे असते, गट नंबर असतो. पिके येतात-जातात, भाव चढतात-उतरतात, ती ओळ मात्र आपण स्वतः सही करून पुसल्याशिवाय सहज पुसली जात नाही.

म्हणून मी हक्कसोड पत्रावर सही करणार नाही, असे भाईजानला कळवले आहे. धाकट्या बहिणीला मी काही सांगितलेले नाही. तिला हिशेब समजावून दिला, निर्णय तिचा. माझे म्हणणे त्याला लिहून पाठवले ते असे : आधी मोजणी करून वाटणी करू. तुझे साडेतीन एकर तुला विकायचे असतील तर जरूर विक. पण आधी आम्हाला विचार, मग शेजाऱ्यांना, मग बाजारात जा. तुझ्या कमाईतून दुबईत घर घे, मी त्यासाठी दुआ करीन आणि जमल्यास थोडी रक्कम करजे-हसना म्हणून देईन, बिनव्याजी. अम्मीचा एक एकर अम्मीच्या हयातीत कोणी विकायचा नाही.

भाईजानचा फोन त्यानंतर दोन महिने आला नाही. नंतर आला तो अम्मीच्या औषधांची चौकशी करायला. बोलणे तेवढेच झाले. आमच्यात थोडे अंतर पडले आहे आणि ते मी हिशेबात धरूनच हा निर्णय घेतला. ज्या बहिणी सह्या करतात त्या भोळ्या नसतात, हे आता मला अधिक कळते. हे अंतर सोसण्यापेक्षा एक एकर तीस गुंठे सोडलेले बरे, असा त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब करण्याची वेळ फक्त बहिणीवरच का यावी, हे मात्र आपल्या समाजातल्या भावांनी, वडिलांनी आणि जुम्याचा खुतबा देणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा विषय निघाला असेल त्यांनी भाव, दर, हप्ते जरूर पाहावेत. ते पाहणारे हुशार लोक पुष्कळ आहेत. त्याआधी एका कागदावर घरातल्या प्रत्येक वारसाचे नाव आणि हिस्सा लिहावा आणि तो कागद सगळ्यांसमोर, बायकांसमोरही, मोठ्याने वाचावा. मोजणीची तारीख आमची पुढच्या महिन्यात लागली आहे.